एकमेकांची रसग्रहणं वाचून मुलांचं लेखन सुधारतं का? आमच्याकडे नुसती नक्कल होते आहे

समास_सोडून (प्रश्न)

दहावी, मराठी प्रथम भाषा, वर्गात ५२ मुलं, ३५ मिनिटांचा तास. रसग्रहणाचा सराव चालू आहे. मी फळ्यावर नमुना उत्तर लिहिलं की सगळ्या वह्यांत तेच उतरतं. म्हणून ठरवलं की मुलांनी एकमेकांची उत्तरं वाचायची आणि त्यातून शिकायचं. बालकवींची 'औदुंबर' घेतली. आठच ओळी असल्याने फळ्यावर मावते आणि अवघड शब्दही फार नाहीत. सगळ्यांनी लिहिलं, मग वह्या बदलल्या, वाचून समासात शेरा लिहायला सांगितला.

झालं ते असं:

शेऱ्यांत 'छान', 'खूप छान', 'अक्षर सुधार'. त्यापलीकडे काही नाही.

ज्यांनी काही पाहिलं त्यांनी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना गोल केले. बाकी उत्तराकडे लक्षच नाही.

पुन्हा लिहायला सांगितल्यावर वर्गातल्या दोन हुशार मुलींची वाक्यं जशीच्या तशी निम्म्या वह्यांत आली. म्हणजे माझ्या नमुना उत्तराऐवजी त्यांचं नमुना उत्तर, एवढाच फरक.

कल्पनाच चुकीची आहे की माझी पद्धत? कोणी नेमकं सांगू शकेल का? आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे तीन मुद्दे मुलांना पाठ आहेत, ते पुन्हा सांगू नका प्लीज. अडचण त्या मुद्द्यांखाली काय लिहायचं याची आहे.

---

दौत_टाक

कल्पना बरोबर आहे, पद्धत उलटी झाली. 'छान' लिहिणाऱ्या मुलाचा काही दोष नाही. 'वाचून शेरा दे' म्हणजे 'कसं वाटलं ते सांग', आणि शेजारच्या बाकावरच्या मित्राला कोण वाईट म्हणणार? वाचणाऱ्याला परीक्षक करू नका, त्याला शोधायला काहीतरी द्या.

आधी उत्तरं कोणती वाचायला द्यायची ते. सगळ्यांत चांगलं उत्तर पहिल्या फेरीत अजिबात देऊ नका. ते दिलं की मुलं उतरवणारच, कारण त्यात सुधारायला काही दिसत नाही. अर्धवट उत्तरं निवडा, आणि अशी तीन निवडा की प्रत्येकात वेगळी गोष्ट कमी असेल. 'औदुंबर'वर साधारण या तीन जातींची उत्तरं हमखास येतात (खालचे नमुने मी बनवलेले आहेत, पण तुमच्या गठ्ठ्यात यांची भावंडं सापडतीलच):

क) "'औदुंबर' ही बालकवींची सुप्रसिद्ध निसर्गकविता आहे. कवीने निसर्गाचे अतिशय मनमोहक वर्णन केले आहे. कवितेची भाषा साधी, सोपी व अर्थपूर्ण आहे. यमकामुळे कवितेला गेयता प्राप्त झाली आहे. कविता वाचताना डोळ्यांसमोर चित्र उभे राहते."

ख) "या कवितेत खूप रंग आहेत. झरा निळासांवळा आहे. पायवाट पांढरी आहे. कुरणे हिरवी आहेत आणि डोह काळा आहे. चार घरांचे गाव आहे. पायवाट डोहाकडे जाते. झाड पाण्यात पाय टाकून बसले आहे."

ग) "ही कविता एकाकीपणाची आहे. जगात कितीही गर्दी असली तरी माणूस शेवटी एकटाच असतो. आजच्या धावपळीच्या जीवनात आपण शांतता हरवून बसलो आहोत. कवी आपल्याला निसर्गाकडे परत बोलावतो."

तिन्ही उत्तरं अक्षर आणि चुका दुरुस्त करून तुम्ही स्वतः टाइप करा किंवा स्वच्छ लिहून काढा. नाव नको, वर फक्त क, ख, ग. याचे दोन फायदे. अक्षरावरून कोणाचं ते ओळखू येत नाही. आणि ऱ्हस्व-दीर्घाला गोल करायला काही उरलेलंच नसतं, त्यामुळे मुलांना मजकूर वाचावाच लागतो. शुद्धलेखन महत्त्वाचं आहे, पण त्याचा तास वेगळा.

आता खुणा. पेन्सिलीने तीनच:

सरळ रेघ: जे वाक्य दुसऱ्या कुठल्याही कवितेला चालेल त्याखाली.
चौकोन: जो शब्द थेट याच कवितेतून आला आहे त्याभोवती.
बाण: चौकोनातल्या शब्दापासून लिहिणाऱ्याच्या अर्थापर्यंत. म्हणजे 'या शब्दामुळे असं वाटतं' हा जोड जिथे आहे तिथे.

खुणा केल्या की मुलांना न सांगता दिसतं. क मध्ये पहिलं वाक्य सोडलं तर सगळीकडे रेघ, चौकोन एक नाही. ख मध्ये चौकोनच चौकोन, बाण नाही. ग मध्ये अर्थ मोठा आहे, पण बाण काढायला सुरुवात कुठून करणार, चौकोनच नाही. मग विचारायचं: ख आणि ग एका बाकावर बसले तर काय होईल? इथे वर्ग जागा होतो. ख ने जे पाहिलंय त्याचं काय करायचं हे त्याला कळलेलं नाही, आणि ग ला जे म्हणायचंय त्याचा पुरावा ख च्या खिशात आहे.

त्यातून निघालेलं उत्तर साधारण असं दिसेल:

"हिरवाळी, निळासांवळा झरा, पांढरी पायवाट असे उजळ रंग ओलांडत कविता काळ्या डोहापाशी येते. तोवर झरा वाहतो, पायवाटही 'चालली' आहे; 'बसला' हे क्रियापद येते ते झाडाला. गावात चार घरे आहेत, पण माणूस एकही दिसत नाही. माणसासारखा पाण्यात पाय टाकून बसतो तो औदुंबर. म्हणून तो शांत वाटतो तसाच एकटाही वाटतो."

हे उत्तर मुलांना आधी दाखवायचं नाही. शेवटी दाखवलंच तर त्यांचं लिहून झाल्यावर, आणि त्यावरही त्याच तीन खुणा करायला लावा. तुमच्या लेखनावर रेघ मारायची संधी मिळाली की मुलं जास्त मन लावून वाचतात!

---

उत्तरपत्रिका_४०७

वरच्याशी सहमत, पण वेळेचं गणित कोणीतरी मांडायला हवं. ८० गुणांची कृतिपत्रिका, ३ तास. म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. रसग्रहण ४ गुणांचं, म्हणजे ९ मिनिटं. त्यात कविता पुन्हा वाचणं, विचार आणि लेखन. मध्यम वेगाने लिहिणाऱ्या मुलाचे या वेळात १०० ते १२० शब्द होतात. वर्गातला सराव याच मापात बसवा. घरी तासभर बसून लिहिलेल्या दोन पानी रसग्रहणाची देवाणघेवाण करून परीक्षेला काही उपयोग नाही.

दोन दिवसांत असं बसतं:

पहिला दिवस. कविता दोनदा मोठ्याने वाचायची, अवघड शब्द सांगायचे, अर्थ सांगायचा नाही. मग ९ मिनिटं लेखन, ५० ते ६० शब्द पुरेत, तिन्ही मुद्दे नकोत, एकच घ्या. वह्या गोळा. उरलेल्या वेळात व्याकरण.

मधली संध्याकाळ. ५२ वह्या तपासायच्या नाहीत. चाळायच्या आणि वर सांगितल्या तशा तीन काढायच्या. तिन्ही मिळून एका ए-फोर पानावर मावतात. चारचे तेरा गट, तेरा झेरॉक्स. तेवढाही खर्च नको असेल तर फळ्याचे तीन भाग करून लिहा, खुणा रंगीत खडूने.

दुसरा दिवस. ३ मिनिटं कवितेचं वाचन, ५ मिनिटं तिन्ही उत्तरं गपचूप वाचणं, ८ मिनिटं खुणा, ६ मिनिटं गटात बोलणं, ९ मिनिटं पुनर्लेखन. एकूण ३१. पानं वाटण्यात आणि 'सर, पेन्सिल नाही' यात उरलेली ४ जातात.

एक अट मोडू नका: आधी स्वतः लिहिलेलं असल्याशिवाय दुसऱ्याचं वाचायचं नाही. आदल्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलालाही कोपऱ्यात बसून ९ मिनिटं लिहू द्या, मग पान हातात द्या. ज्याच्याकडे स्वतःचं काहीच नाही त्याला तुलना करता येत नाही, तो फक्त उचलतो. नक्कल होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

आणि ज्या कवितेचं रसग्रहण गाईडात छापलेलं आहे ती पहिल्या फेरीला नको. बावन्न मुलं एकाच गाईडाची बावन्न रूपं वाचतील. वरचं क उत्तर पाहा, ते कोणत्याही गाईडात कोणत्याही कवितेखाली सापडेल.

---

समास_सोडून

@दौत_टाक, खुणांची युक्ती लगेच करून पाहण्यासारखी आहे. पण पुनर्लेखनात उचलेगिरी होणारच ना? समजा एखाद्याने ख मधून रंग घेतले. ती नक्कल की शिकणं? मुलांना काय सांगायचं?

---

पैलतीर

वाक्य घेतलं तर नक्कल. पाहण्याची रीत घेतली तर शिकणं. पण मुलांना हे असं सांगून कळत नाही, त्यांना वहीत दोन रकाने आखून द्या. डावीकडे 'त्याने काय केलं', उजवीकडे 'मी ते कुठे करणार'. डाव्या रकान्यात कवितेतला शब्द आणायला बंदी. म्हणजे 'रंग लिहिले' असं चालणार नाही, 'एकाच प्रकारचे शब्द कवितेत क्रमाने शोधले' असं लिहावं लागेल. हे लिहिता आलं की उजव्या रकान्यात ते दुसऱ्या ठिकाणी लावता येतं: मी क्रियापदं क्रमाने शोधेन. वाहतो, लागली, पडे, चालली, पसरी, बसला. आता ही सहा क्रियापदं ज्याने काढली त्याने ख ची नक्कल केली असं कोण म्हणेल?

डाव्या रकान्यात येण्यासारख्या रीती फार नसतात. एका जातीचे शब्द शोधणे. पहिली आणि शेवटची ओळ शेजारी ठेवणे. कवितेत काय नाही ते पाहणे (गाव आहे, माणूस नाही). एकमेकांशी न जुळणारे दोन शब्द शेजारी आलेत का ते पाहणे ('गोड काळिमा'). नजर कुठून कुठे जाते त्याचा नकाशा काढणे: इथे झऱ्यापासून पलीकडची टेकडी, शेतं, पायवाट, कुरणं, डोह आणि मग झाड. वर्षभरात अशा आठ-दहा रीती वर्गातल्याच उत्तरांतून गोळा होतात. त्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर लावा. ज्या मुलाच्या उत्तरातून रीत आली त्याचं नाव तिथे जरूर लिहा. चुकांना नाव नको, रीतीला हवं.

पुनर्लेखनाला दोन बंधनं घाला. एक, वाचलेली पानं उलटी करून ठेवायची, समोर फक्त कविता. दोन, एक नवी गोष्ट आत घ्यायची तर स्वतःचं एक रेघ मारलेलं वाक्य बाहेर काढायचं, शब्दमर्यादा तीच. हे दुसरं बंधन नसेल तर काय होतं? वाचलेलं सगळं मुलं कोंबतात. साठ शब्दांचं उत्तर दीडशेवर जातं, पाच मुद्दे येतात आणि एकालाही आधार नसतो. ते पहिल्यापेक्षा वाईट असतं, पण लांब दिसतं म्हणून मुलाला वाटतं प्रगती झाली. आपल्यालाही कधी कधी वाटतं.

---

दौत_टाक

@पैलतीर यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून. बाहेर काढायला सगळ्यात सोपं वाक्य कवीच्या चरित्राचं. 'बालकवी अर्थात त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे थोर निसर्गकवी होते' यात कवीचं नाव येण्यापलीकडे काही साधत नाही. नाव पहिल्या वाक्यात सहज गुंफता येतं: 'बालकवींच्या 'औदुंबर'मध्ये उजळ रंगांकडून काळ्या डोहाकडे प्रवास होतो.' कवी, कविता आणि मध्यवर्ती कल्पना तिन्ही आली, शब्द आठ.

---

खडूची_भुकटी

सगळे खुणांमागे लागलेत म्हणून थोडा खोडा घालतो. तिसऱ्या-चौथ्या कवितेपर्यंत ही पद्धतही गाईड बनते. मुलांना कळतं की सरांना चौकोन आवडतात. मग प्रत्येक उत्तराची सुरुवात 'या कवितेत अमुक रंग आले आहेत' अशी, कवितेत रंग नसले तरी. उपाय हा की शोध दर वेळी बदला. एका कवितेला क्रियापदं, दुसरीला 'कोण कोणाशी बोलतंय', तिसरीला नुसता नाद. अभंग किंवा ओवी असेल तर ती म्हणायलाच लावा. लय कुठे थांबते ते कानाला कळतं, डोळ्याला कळत नाही.

दुसरं म्हणजे खऱ्या फायद्याचा भाग वेगळाच आहे आणि त्यावर कोणी बोललं नाही. 'औदुंबर' वाचून एक मुलगा लिहितो 'शांत वाटलं', दुसरी लिहिते 'भीती वाटली'. दोघंही त्याच आठ ओळी वाचतात. ही दोन उत्तरं शेजारी ठेवणं हा सगळ्यात मोठा धडा, कारण इथे हुशार-ढ असा भेद नाही. बहुतेक वर्गांत या जागी मास्तर निकाल देतात आणि धडा संपतो. निकाल देऊ नका, मतदानही नको. दोन्ही बाजूंना सांगा, तुमचा शब्द दाखवा. 'शांत'वाला 'बसला' दाखवेल, 'गोड' दाखवेल. 'भीती'वाली 'काळ्या डोहाकडे', 'झांकळुनी', 'काळिमा' दाखवेल. मग दोघांनी एकमेकांचा एक शब्द आपल्या उत्तरात घ्यायचा आणि तरीही आपलं मत राखायचं. 'डोह काळा असला तरी मला शांत वाटते, कारण...' या 'असला तरी'साठी सगळा खटाटोप. स्वतःविरुद्धचा पुरावा ज्याला एका वाक्यात सांभाळता आला, त्याचं लेखन एक इयत्ता पुढे गेलं समजा.

कुठल्याच शब्दाचा आधार नसलेलं मत मात्र मागे घ्यायला लावायचं. 'ही कविता शेतकऱ्यांच्या कष्टांची आहे' असं कोणीतरी लिहितंच, कारण शेतमळे आले. कष्टाचा शब्द दाखव म्हटलं की त्याचं त्यालाच समजतं.

---

उत्तरपत्रिका_४०७

@खडूची_भुकटी, 'असला तरी' पटलं. परीक्षकाच्या बाजूने एवढंच म्हणेन की मत कुठलंही असो, मुद्द्यांची नावं समासात किंवा परिच्छेदाच्या सुरुवातीला दिसू द्या. गठ्ठा तपासताना भाषिक वैशिष्ट्ये कुठे संपली आणि काव्यसौंदर्य कुठे सुरू झालं हे शोधायला कोणी थांबत नाही. 'पाय टाकुनी जळांत बसला' याबद्दल लिहिताना चेतनगुणोक्ती (माणूस नसलेल्या गोष्टीला माणसासारखं वागताना दाखवणं) हे अलंकाराचं नाव द्यावंच, पण नावाच्या पुढे 'त्यामुळे' हा शब्द आला पाहिजे. नुसतं अलंकाराचं नाव म्हणजे चौकोन आहे, बाण नाही.

---

समास_सोडून

अजून एक अडचण. आठ-दहा मुलं अशी आहेत की त्यांच्याकडून तीन ओळींच्या वर लिहून होत नाही. त्यांना दुसऱ्यांची उत्तरं दाखवली की ती आणखीच गप्प होतात. आणि शेरे लिहायचे की नाहीतच?

---

पैलतीर

शेरे हवेत, पण मोकळे नकोत. एकच वाक्य भरून द्यायचं: 'तुझ्या ______ या ओळीमुळे मला ______ दिसलं, ते माझ्या उत्तरात नव्हतं.' यात 'छान' बसतच नाही. दोष दाखवायचा असेल तर तोही ठरावीक: 'हे वाक्य ______ या कवितेला लावून पाहिलं, लागलं.' दुसऱ्या कवितेचं नाव लिहावंच लागतं, त्यामुळे उगाच कोणी कोणाला टोचत नाही.

तीन ओळींवाल्या मुलांसाठी: त्यांची उत्तरं बहुतेक ख जातीची असतात. पाहिलेलं असतं, पुढे काय ते सुचत नाही. त्यांच्यातलंच एक ख म्हणून निवडा. सगळा वर्ग त्या उत्तरातले चौकोन मोजतो आणि हुशार समजल्या जाणाऱ्या क मध्ये चौकोन नसतो. नाव जाहीर करायची गरज नाही, ज्याचं त्याला कळतंच. पुनर्लेखनाला त्यांना पूर्ण उत्तर मागू नका. स्वतःच्या तीन ओळींतल्या एका ओळीपुढे 'म्हणून' लिहून ती पूर्ण कर, एवढंच. 'पायवाट डोहाकडे जाते, म्हणून...' इथून पुढे सहसा काहीतरी येतं. आलं नाही तर गटातल्या तिघांनी तोंडी एकेक शेवट सुचवायचा, निवडायचा त्याने.

---

फॉर्म_नंबर_१७

मी बाहेरून बारावी देणार आहे. वर्ग नाही, सोबती नाहीत. हे एकट्याने कसं जमवायचं?

---

खडूची_भुकटी

एकट्याने अर्धंच जमतं. बाहेरून बसणारे आणखी दोन-तीन जण केंद्रावर किंवा अभ्यासिकेत भेटतील, त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप गट करा. आठवड्याला एक कविता. वेळ ठरवा, समजा रविवारी रात्री ९. त्याच वेळी सगळ्यांनी आपल्या पानाचा फोटो टाकायचा, आधी कोणीही नाही. आधी टाकला की बाकीच्यांची उत्तरं त्याच्यासारखी होतात. ज्याचं उत्तर आलं नाही त्याने त्या आठवड्यात इतरांवर बोलायचं नाही. खुणा फोनवर फोटोवरच करता येतात.

गट मिळालाच नाही तर तुमचंच उत्तर दहा-बारा दिवस बाजूला ठेवा, मग कवितेचं आणि कवीचं नाव कागदाने झाकून वाचा. कुठली कविता ते तुमच्याच उत्तरावरून ओळखू येतं का पाहा. येत नसेल तिथे रेघ. बारावीलाही ८० गुण, ३ तासच आहेत, तेव्हा पुनर्लेखनाला घड्याळ लावून ९ मिनिटं.

---

समास_सोडून

उद्या 'औदुंबर'च पुन्हा काढतो. मुलांनी लिहिलेलं आहेच, तीन उत्तरं निवडायची राहिली आहेत. गठ्ठ्यात क जातीची ढीगभर, ग चार-पाच, ख शोधतोय.

---

दौत_टाक

ख सगळ्यात छोट्या उत्तरांत शोधा. आणि लाल पेन बाजूला ठेवून.